सोन्याचं नाणं विकताना: भाव कोणता, घट किती, पैसे कसे

सोन्याचं नाणं विकायला गेलेला नवखा माणूस काउंटरवर पहिला प्रश्न विचारतो, "याचे किती येतील?" आणि सगळा सौदा तिथेच समोरच्याच्या हाती देऊन बसतो. खरं तर नाण्याचं वजन ठरलेलं असतं, शुद्धता त्यावर कोरलेली असते आणि दिवसाचा भाव जाहीर असतो. या तिन्हींचा गुणाकार घरी बसून होतो. दुकानात ठरायची राहते ती फक्त घट, म्हणजे त्या किमतीतून सराफ किती टक्के कापणार. दागिन्याच्या मोडीत, म्हणजे जुना दागिना सोन्याच्या भावाने विकताना, खडे, लाख, मीना, डाख (सांधे जोडायचं हलकं सोनं) अशा दहा भानगडी असतात. नाण्यात यातलं काहीच नसतं, त्यामुळे त्याची घटही दागिन्यापेक्षा कमीच लागायला हवी. सीलबंद, बिलासह आणलेल्या २४ कॅरेट नाण्याला एक ते दोन टक्के घट वाजवी, तीन टक्के चालवून घेण्यासारखी आणि पाच सांगितली तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं, असा साधा हिशेब धरा.

नाण्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा

मोबाइलचा कॅमेरा झूम करून दोन्ही बाजू पाहा. ९९९.९, ९९९, ९९५ किंवा ९१६ यांपैकी एक आकडा दिसेल, म्हणजे हजार भागांत शुद्ध सोन्याचे तितके भाग. ९९९.९ आणि ९९९ यांना पुण्याच्या बाजारात सहसा एकच भाव मिळतो. शेवटच्या नऊसाठी कोणी जास्त पैसे देत नाही. ९९५ हेही २४ कॅरेट म्हणूनच विकलं जातं, पण हिशेबात थोडं कमी पडतं. ९१६ म्हणजे २२ कॅरेट. पॅकेटवरचा अनुक्रमांक, टांकसाळीचं किंवा रिफायनरीचं नाव आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह असेल तर तेही टिपून ठेवा. नाण्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असेल तर तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून पाहता येतो. जुन्या नाण्यांवर तो नसतो आणि नाही म्हणून नाणं खोटं ठरत नाही.

बँकेतून घेतलेल्या नाण्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. बँका सोन्याची नाणी विकत आल्या, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे त्या ती परत विकत घेत नाहीत. शाखेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. बँकेचं पॅकेट आणि शुद्धतेचा दाखला मात्र सराफाकडे उपयोगी पडतो, म्हणून जपून ठेवा.

पुण्यात नाण्याऐवजी चोख सोन्याची वेढणी, म्हणजे साधी वळी, घेऊन ठेवणारी घरंही भरपूर आहेत. वेढणीला हाच सगळा हिशेब लागू पडतो. फरक इतकाच की तिला बहुधा सीलबंद पॅकेट नसतं, म्हणून तपासणी टळत नाही.

गिनी हा वेगळा प्राणी. ब्रिटिश सॉव्हरिनला आपल्याकडे गिनी म्हणतात. तिचं वजन ७.९८८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट आणि आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. बऱ्याच घरांत गिनी हारात ओवलेली असते, म्हणजे वर कडी डाखलेली. डाखाचं सोनं हलकं असतं. कडी काढली तरी कडेला त्याचा ठिपका राहतो आणि शुद्धता तपासणाऱ्या यंत्राचा किरण नेमका तिथे पडला तर आकडा ९१ टक्क्यांच्या बराच खाली येतो. अशा वेळी नाण्याच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंनी पुन्हा तपासायला सांगा. कडी घरी पक्कड लावून उपटू नका. कडेचा कपचा निघाला की गिनीचं वजन कायमचं गेलं.

आणखी एक ठिकाण जिथे माणूस हमखास फसतो, ते म्हणजे तोळा. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. आजोबांच्या चिठ्ठीवर 'एक तोळ्याचं नाणं' लिहिलेलं असेल तर आधी वजन करा. दीड ग्रॅमहून जास्त सोनं नुसत्या शब्दावर निसटू शकतं.

घरचा हिशेब

दिवसाचा भाव कुठला धरायचा? इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन, म्हणजे आयबीजेए, कामाच्या दिवशी सकाळ आणि संध्याकाळ असे दोनदा भाव जाहीर करते. त्यात ९९९, ९९५, ९१६ असे वेगवेगळे आकडे असतात आणि त्यात जीएसटी धरलेला नसतो. विकणाऱ्याने हाच भाव धरावा. वर्तमानपत्रातला किंवा मोबाइलवर आलेला भाव ३ टक्के जीएसटीसह असू शकतो. तोच डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर सराफाने तोंड उघडण्याआधीच तीन टक्के लुटल्यासारखं वाटेल. पेढ्यांवरची निम्मी भांडणं इथून सुरू होतात. तुम्ही घेताना भरलेला जीएसटी सरकारकडे गेला. विकताना तो कोणी परत देणार नाही.

आकडेमोड सोपी जावी म्हणून ९९९ सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. तुम्ही त्या जागी त्या दिवसाचा खरा भाव घाला.

९९९ चं १० ग्रॅम नाणं: १,००,००० रुपये.
९९५ चं १० ग्रॅम नाणं: १० × ९९५ ÷ ९९९, म्हणजे ९९,६०० रुपये.
९१६ चं ८ ग्रॅम नाणं: ८ × ९१६ ÷ ९९९, म्हणजे सुमारे ७३,३५० रुपये.
गिनी: ७.९८८ × ९१६.७ ÷ ९९९, म्हणजे सुमारे ७३,३०० रुपये.

यातून घट वजा करा. पहिल्या नाण्याला दोन टक्के घट लागली तर हातात ९८,००० पडले पाहिजेत. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. समोरून ९७,५०० आले तर बोलणी होऊ शकतात. ९२,००० आले तर काहीतरी दोनदा कापलं गेलंय.

तोटा कुठे झाला हेही यातून कळतं. हेच नाणं तुम्ही याच भावाने घेतलं असतं तर समजा दोन टक्के घडणावळ-पॅकिंग आणि वर तीन टक्के जीएसटी धरून १,०५,०६० रुपये मोजले असते. त्याच दिवशी विकलं तर सात हजारांचा खड्डा. सोनं सात-आठ टक्के चढल्याशिवाय नाणं विकून काही सुटत नाही. एक-दोन ग्रॅमच्या नाण्यांत हा खड्डा आणखी खोल असतो, कारण पॅकिंग आणि घडणावळ वजनाच्या मानाने जास्त लागलेली असते.

पॅकेट फोडू नका, नाणं घासू नका

सीलबंद कार्ड हीच तुमची अर्धी किंमत टिकवणारी गोष्ट. ते कात्रीने कापून नाणं बटव्यात टाकून नेणारे लोक आहेत. मग सराफ म्हणतो, आता तपासावं लागेल, आणि त्याचं काही चुकत नाही. सील शाबूत असेल तर अनुक्रमांक आणि बिल पाहून काम भागू शकतं.

सुट्ट्या नाण्यांवर लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू, चंदन, अष्टगंध अक्षरांच्या खाचांत बसलेलं असतं. कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब किंवा रिठ्याचं पाणी, पाच मिनिटं बुडवून ठेवणं आणि मऊ सुती कापडाने टिपणं, बस. ब्रश, टूथपेस्ट, लिंबू-मीठ, दुकानातलं पॉलिश यांतलं काहीही लावू नका. २४ कॅरेट सोनं इतकं मऊ असतं की घासल्यावर चरे पडतात आणि कणही जातात. पांढरट डाग दिसला तर पारा लागल्याची शंका घ्या. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा सोन्याला चिकटून त्यात मिसळतो. असा डाग घासून निघत नाही आणि गरम करून काढायचा प्रयत्न तर मुळीच नको, वाफ विषारी असते. सराफाला आधीच सांगा.

पॅकेट नसलेल्या नाण्याची घरच्या घरी एक बरी चाचणी होते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमवाला उपयोगाचा नाही. आधी नाणं कोरडं तोलून वजन लिहा. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. १० ग्रॅमच्या २४ कॅरेट नाण्याला काटा ०.५२ च्या आसपास दाखवेल, गिनीला ०.४५. सोन्याचा मुलामा दिलेलं १० ग्रॅम चांदीचं नाणं असेल तर आकडा ०.९५ वर जाईल. नाण्यात आत टंगस्टन हा धातू भरलेला असेल तर फक्त तो या चाचणीत सापडत नाही, कारण त्याची घनता सोन्याला लागूनच आहे. पण टंगस्टनची भीती मोठ्या बिस्किटांना. घरातल्या पाच-दहा ग्रॅमच्या नाण्यांत खरी शक्यता असते ती नाणं २४ ऐवजी २२ किंवा १८ कॅरेटचं निघण्याची.

दाखला हवाच असेल तर बीआयएसने मान्यता दिलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य माणसालाही सोनं तपासून घेता येतं. शुल्क काही शे रुपयांत असतं. एका नाण्यासाठी तिथवर जाण्याची गरज पडत नाही. पाच-सात सुटी नाणी असतील आणि प्रत्येक दुकान वेगळा टंच (शुद्धतेचा आकडा) सांगत असेल तर जरूर जा.

कुठे विकायचं

पहिली चौकशी ज्या पेढीतून नाणं घेतलं तिथे. स्वतःचं नाणं परत घेताना पेढीला शुद्धतेची शंका नसते, म्हणून घटही कमी लागते. बिलाच्या मागे बारीक अक्षरात परत घेण्याच्या अटी छापलेल्या असतात, त्या आधी वाचा. 'शंभर टक्के परतावा' हे शब्द बहुतेकदा बदली दागिना घेतला तरच लागू असतात. रोख किंवा खात्यात पैसे हवे असतील तर वेगळा टक्का असतो.

त्यानंतर लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठेतल्या दोन-तीन पेढ्यांना फोन करा. फोनवर घोळ न घालता इतकंच बोला: "९९९ चं दहा ग्रॅमचं नाणं आहे, पॅकेट फोडलेलं नाही, बिल आहे. बदलीत काही घ्यायचं नाही, पैसे हवेत. आज तुमचा मोडीचा भाव काय, त्यावर घट किती आणि पैसे खात्यात कधी?" उत्तर मिळालं की वेळ टिपून ठेवा. सोन्याचा भाव दिवसातून हलतो, त्यामुळे सकाळी अकराचा एका दुकानाचा भाव आणि संध्याकाळी सहाचा दुसऱ्याचा, अशी तुलना फसवी असते. "समोर आणल्याशिवाय सांगता येणार नाही" असं उत्तर सुट्ट्या नाण्याला रास्त आहे. सीलबंद नाण्याला तेच ऐकू आलं तर त्या दुकानाचं नाव यादीत सगळ्यात खाली टाका.

'जुनं सोनं रोख घेतो' अशा पाट्या लावणाऱ्या कंपन्याही शहरभर आहेत. तिथे काम झटपट होतं, पण घट आणि 'सर्व्हिस चार्ज' मिळून वजावट जास्त निघते. नाण्यासाठी त्यांच्याकडे जायचं फारसं कारण नाही. ती दुकानं मुळात गहाण सोडवून विकायला आलेल्यांसाठी आहेत.

ओळखीतल्या माणसाला विकणं दोघांच्याही फायद्याचं ठरू शकतं. त्याला दुकानात जीएसटी आणि घडणावळ द्यावी लागली असती, तुम्हाला घट. आयबीजेएच्या भावाला सौदा झाला तर दोघंही खूश. फक्त सराफाकडे जाऊन दोघांसमोर तपासून घ्या, पैसे बँकेतून घ्या आणि दोन ओळींची सही-पावती करा. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर अनोळखी माणसाला सोनं विकायला मात्र अजिबात जाऊ नका. चोरीचे पैसे तुमच्या खात्यात आले की खातंच गोठवलं जातं. नाणं गेलेलं असतं आणि चकरा सायबर पोलिसांकडे सुरू होतात.

दागिन्याच्या बदल्यात नाणं देणं हा तिसरा मार्ग. घरात लग्न असेल तर तो चांगला, कारण नाण्याला घट लागत नाही किंवा नाममात्र लागते. पण नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर जीएसटी आणि वर घडणावळ द्यावीच लागते. घट वाचवायच्या नादात गरज नसलेला नेकलेस घेऊन आलात तर वाचलेल्या दोन हजारांपायी पंधरा हजार घडणावळीत जातील.

आणि पैशांची गरज दोन-चार महिन्यांपुरतीच असेल तर विकण्याआधी तारण कर्जाची चौकशी करा. नाण्यांवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने एका कर्जदाराला एकूण ५० ग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि बिस्किटांवर कर्ज मिळत नाही.

दिवस आणि वेळ

गुरुपुष्यामृत, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी विकायला जाऊ नका. भाव त्या दिवशी मुद्दाम पाडला जातो असं काही नाही. पण काउंटरवर चार-चार रांगा असतात, मोडीचं काम बाजूला पडतं आणि घाईत चिठ्ठी नीट लिहिली जात नाही. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर जाणं म्हणजे तर मिरवणुकीत शिरणं. कामाचा साधा वार, सकाळी भाव लागल्यानंतरची वेळ उत्तम. बँक खात्यावर पैसे येईपर्यंत तुमच्या हातात अख्खा दिवस राहतो. गाडी घेऊन पेठांत जागा शोधत फिरण्यापेक्षा मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. एकटं जाऊ नका, नाणं पाठीवरच्या सॅकमध्ये नको, आतल्या खिशात.

भाव आणखी चढेल का, या प्रश्नाचं उत्तर सराफाला विचारू नका, त्यालाही ते ठाऊक नसतं. दहा नाणी असतील आणि गरज पाचचीच असेल तर पाचच विका. सुटी नाणी घेऊन ठेवण्याचा फायदाच तो आहे.

काउंटरवर काय पाहायचं

सोबत मूळ बिल, पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक न्या. व्यवहार दोन लाखांच्या वरचा असेल तर पॅन लागतोच. खालच्या रकमेलाही पेढ्या ओळखपत्र मागतात आणि त्यांनी मागायलाच हवं, चोरीचं सोनं घेतल्याचा ठपका त्यांच्यावर येतो. बिल वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि भावंडांच्या संमतीचं पत्र जवळ असू द्या. बिल नसेल तर सोनं आपलंच असल्याचं लिहून द्यावं लागतं.

काट्याकडे आधी बघा. त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का असतो. नाणं ठेवण्याआधी तो ०.००० दाखवतोय ना, काचेचं झाकण बंद आहे ना, वर पंखा नाही ना, हे तिन्ही पाहा. दहा हजारांच्या भावाला १० मिलीग्रॅम म्हणजे शंभर रुपये. वजन मोठ्याने वाचून घ्या आणि लिहा.

मग तपासणी. एक्सआरएफ यंत्राला बाजारात कॅरेटोमीटर म्हणतात. क्ष-किरण वरच्या अगदी पातळ थरातून परत येतात आणि त्यावरून सोनं, चांदी, तांबं किती ते पडद्यावर दिसतं. नाण्याला धक्का लागत नाही, मिनिटभरात काम होतं. दोन्ही बाजूंना दोन-तीन जागी लावायला सांगा आणि छापील पट्टी मागा. सुट्ट्या ९९९ नाण्याला यंत्राने ९९.७ टक्के दाखवलं तर घाबरू नका, यंत्राला इतका फरक चालतो. पण त्या फरकाचे पैसे तुमच्याकडून कापायचे की नाही, हे बोलून घ्या. कसोटीच्या दगडावर घासून ॲसिड लावणारे जुने सराफ अजून आहेत. अनुभवी हाताचा कस बऱ्यापैकी बरोबर येतो, पण तो कागदावर मिळत नाही.

क्ष-किरण आतपर्यंत जात नाहीत म्हणून ५० किंवा १०० ग्रॅमच्या सुट्ट्या बिस्किटाला सराफ छेद देऊन पाहायला मागतो. मागणी योग्य आहे. मात्र छेद, वितळवणं किंवा पॅकेट फोडणं यांतलं काहीही होण्याआधी भाव आणि घट त्याच्या चिठ्ठीवर लिहून, सही घेऊन हातात घ्या. एकदा नाणं मुशीत गेलं की ते नाणं राहत नाही. बाहेर आलेल्या गोळीचं वजन आणि टंच मग सराफ सांगेल तो. दहा ग्रॅमचं सीलबंद नाणं वितळवण्याचं तर काही कारणच नाही.

चिठ्ठी हातात आली की तीन जागा तपासा. एक, भाव २४ कॅरेटचा लावलाय की २२ चा? ९९९ च्या नाण्याला २२ कॅरेटचा भाव लावून "आम्ही घट घेत नाही" असं गोड बोलणं ही सर्वांत जुनी चलाखी. दहा हजारांच्या भावाला ग्रॅममागे आठशेहून जास्त रुपये त्यात गेले, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक. दोन, घट एकदाच आहे की टंच चार्ज, आटणी, हाताळणी अशा नावांनी पुन्हा आली आहे? तीन, तुमच्या रकमेतून जीएसटी कापलाय का? स्वतःचं घरातलं सोनं विकणाऱ्या सामान्य माणसाला जीएसटी लागत नाही. "सरकारी नियम आहे" असं म्हणत ३ टक्के वजा केले असतील तर तो नियम दाखवायला सांगा.

"साहेब, आज बाजार खाली आहे" या वाक्याला उत्तर एकच: मोबाइलवर आयबीजेएचा त्या दिवसाचा आकडा काढून समोर ठेवणं. आवाज चढवायची गरज नसते. हिशेब घेऊन आलेल्या माणसाशी बोलणी लवकर संपतात.

पैसे

खरेदीच्या पावतीवर वजन, शुद्धता, भाव, घट, निव्वळ रक्कम, पॅकेटचा अनुक्रमांक आणि पैसे कसे दिले हे सगळं आलं पाहिजे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका दिवसात एका माणसाकडून रोख घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो, आणि इथे घेणारे तुम्ही असता. सराफालाही खरेदीपोटी दिवसाला दहा हजारांवर रोख देणं आयकरात अडचणीचं असतं, म्हणून पक्क्या पेढ्या सरळ खात्यात पैसे टाकतात. नाण्याचे भाग करून तीन चिठ्ठ्या, तीन नावं आणि रोख, असा सल्ला मिळाला तर तो घेऊ नका.

एनईएफटी आणि आरटीजीएस चोवीस तास चालतात. आरटीजीएस दोन लाखांपासून वर. पैसे आले की नाही हे दुकानाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर किंवा एसएमएसवर ठरवू नका, स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक पाहा. तोवर नाणं काउंटरवर, तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या. चेक देत असतील तर नाणं चेक वटल्यावर द्यायचं, हे आधी ठरवा.

जुनी नाणी वजनावर विकू नका

मोहोर, होन, जुनी गिनी यांची किंमत कधी कधी सोन्याहून बरीच जास्त असते. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडली गेली. तिच्या मागच्या बाजूला, सनाच्या वर जमिनीच्या रेषेवर, बारीक इंग्रजी 'आय' हे अक्षर असतं. त्याच साली १५ रुपयांची सोन्याची मोहोरही निघाली, वजन आणि शुद्धता सॉव्हरिनचीच. अशी नाणी मोडीत घालण्याआधी नाणेसंग्राहकाला दाखवा आणि या नाण्यांना साबणही लावू नका. सफाईने संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. उलट, माळेतल्या पुतळ्या बहुतेक पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या असतात. त्या दागिनाच समजा.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, त्यामुळे ते परदेशी खरेदीदाराला पाठवता येत नाही. आणि वाडा पाडून सोसायटी उठताना पायाच्या खणणीत नाणी सापडली तर ती विकायचा विचारही नको. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

कर

नाणं विकून झालेला नफा हा भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला असा नियम आहे: २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ असलेलं सोनं दीर्घकालीन, त्यावर १२.५ टक्के कर, महागाई निर्देशांकाची सवलत नाही. त्याहून कमी काळ असेल तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. खर्चात घेतानाचा जीएसटी आणि घडणावळही धरता येते, म्हणून जुनं बिल महत्त्वाचं. समजा नाणं ३०,००० ला घेतलं होतं आणि ९८,००० ला विकलं. नफा ६८,०००, त्यावर ८,५०० कर आणि चार टक्के उपकर मिळून ८,८४० रुपये. नाणं वारशाने किंवा आई-वडिलांकडून भेट म्हणून आलं असेल तर त्यांनी दिलेली किंमत आणि त्यांची खरेदीची तारीख धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव खर्च म्हणून घेता येतो. दागिन्याच्या बदल्यात नाणं दिलं तरी ती विक्रीच समजली जाते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

घरात विवाहित स्त्रीने ५००, अविवाहित स्त्रीने २५० आणि पुरुषाने १०० ग्रॅमपर्यंत सोनं ठेवायला हरकत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. तो १९९४ चा आदेश आयकर खात्याच्या झडतीत सापडलेल्या दागिन्यांपुरता आहे, नाण्यांना त्याचा आधार मिळत नाही.

पगारदारांनी एक लक्षात ठेवावं: सोन्याच्या विक्रीचा नफा असलेल्या वर्षी नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. आणि टीडीएस वगैरे वजा जाता वर्षाचा उरलेला कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होत असेल तर विक्रीनंतरच्या पुढच्या हप्त्यातच आगाऊ कर भरा, नाहीतर वर व्याज लागतं.